साक्षीदार हवा

लेकीचा कॉमन अ‍ॅपचा, म्हणजे अमेरिकी कॉलेजांचा सामाईक अर्ज भरतेय. उपक्रमांना जागा दहाच, वर्णनाला १५० अक्षरं. शिवाय आठवड्याचे तास सांगा, वर्षातले आठवडे सांगा. जी शाळेत न जाता घरीच शिकते, तिचा अभ्यास कुठे संपतो आणि छंद कुठे सुरू होतो? टेकडीवरची पक्षीगणना मी विज्ञानात धरली होती. ती म्हणते, छंदच! शाळा नाही, म्हणून समुपदेशकाचं पत्रही मीच लिहायचं. आईच्या कौतुकाला तिथे कोण विचारतो?

मुंबईची मालविका जोशी बारावीच्या प्रमाणपत्राविना २०१६ मध्ये एमआयटीत पोचली, ती इन्फर्मेटिक्स ऑलिंपियाडच्या तीन आंतरराष्ट्रीय पदकांच्या जोरावर. पदकं सगळ्यांच्या नशिबी नसतात. पण तबल्याच्या गुरुजींचं, पक्षीगणनेच्या संयोजकांचं पत्र मिळू शकतं. मूल चौदाचं झालं की तारखा आणि तास लिहून ठेवा. शेवटच्या वर्षी काही आठवत नाही.