मोकळ्या तारा

पावसाळ्यात मालवणात वीज गेली की फोनमध्ये उरलेली बॅटरी मी व्हिला-लोबोसवर खर्च करतो. ब्राझीलच्या या संगीतकारानं (१८८७–१९५९) डोंगराएवढं संगीत लिहिलं, त्यात गिटारचा वाटा मूठभर: सरावाच्या बारा रचना, पाच प्रेल्यूड, वाद्यवृंदासह एक कॉन्चेर्टो, आणखी थोडं काही. पण त्या मुठीत गिटार अंगाखांद्यावर खेळलेला माणूस दिसतो. सरावाच्या पहिल्याच रचनेत डावा हात एकच आकार धरून पडद्यापडद्यानं सरकत जातो, आणि मोकळ्या सोडलेल्या तारा जागच्या जागी वाजत राहतात. तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला हे मुळीच परकं वाटत नाही.

रिओतल्या त्याच्या घरी गिटारला मान नव्हता. वडील राष्ट्रीय ग्रंथालयात नोकरीला, हौशी वादक. चेलो त्यांनीच शिकवला आणि १८९९ मध्ये ते गेले. आईला मुलगा डॉक्टर व्हायला हवा होता. गिटार म्हणजे रस्त्यावर ‘शोरो’ वाजवत रात्री जागवणाऱ्यांचं वाद्य, आणि हा नेमका त्यांच्यातच जाऊन बसला. शिवाय गजालीत पटाईत. अ‍ॅमेझॉनच्या जंगलात नरभक्षकांच्या तावडीतून सुटल्याच्या कहाण्या त्यानं बिनदिक्कत पसरवल्या. मालवणात जन्मता तर तिठ्यावर त्याच्याभोवती गर्दी हटली नसती.

त्याला ऐकता ऐकता मला संगीतकार वसंत देसाई आठवतात. ते आमच्याच जिल्ह्यातले, कुडाळजवळच्या सोनवड्याचे. जन्म १९१२ चा, तेव्हाच्या सावंतवाडी संस्थानातला. गिटारशी त्यांचं नाव कुणी जोडणार नाही. मी या दोघांना जोडतो ते मुलांच्या गळ्यापाशी. १९३० नंतर व्हिला-लोबोसनं शाळाशाळांत समूहगान पोचवण्याचा ध्यास घेतला. स्टेडियममध्ये हजारो मुलं एकदम गात, आणि हा उंचावर उभा राहून त्यांना हातानं खेळवी. त्यामागे ब्राझीलचा तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष व्हार्गास याची सत्ता होती, हुकूमशाहीकडे झुकलेली आणि पुढे उघडच हुकूमशाही झालेली. मुलांचे आवाज कितीही गोड असले तरी हे मला विसरता येत नाही.

देसाईंना स्टेडियम लागलं नाही. कोल्हापूरच्या ‘प्रभात’मध्ये पडेल ते काम करत, गोविंदराव टेंब्यांसारख्यांच्या हाताखाली शिकत ते शांतारामबापूंचे संगीतकार झाले. १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’मधली ‘ऐ मालिक तेरे बंदे हम’ आणि १९७१ च्या ‘गुड्डी’तली ‘हमको मन की शक्ति देना’ या प्रार्थना पडद्यावरून उतरल्या आणि शाळांच्या परिपाठात जाऊन बसल्या. बेसूर मुलालाही निभावून नेतील अशा त्या चाली आहेत. अवघड काही जमत नव्हतं म्हणून त्या सोप्या झाल्या, असं मात्र कुणी समजू नये. त्याच ‘गुड्डी’त वाणी जयराम यांच्याकडून मियाँ मल्हार गाऊन घेणारे तेच, आणि १९५९ च्या ‘गूँज उठी शहनाई’त बिस्मिल्ला खाँसाहेबांची सनई चित्रपटात आणणारेही तेच. एवढं हाताशी असताना हात आखडता घ्यायचा, याला मी मोठी कारागिरी मानतो.

१९६६ च्या ऑक्टोबरात एम. एस. सुब्बुलक्ष्मी संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहात ‘मैत्रीं भजत’ गायल्या. शब्द कांचीच्या शंकराचार्यांचे, चाल देसाईंची. जगानं शांतता राखावी असं संस्कृतात सांगणाऱ्या त्या गाण्याला सोनवड्याच्या माणसानं सूर दिला होता, हे इथे किती जणांना ठाऊक आहे?

२२ डिसेंबर १९७५ ला मुंबईत लिफ्टच्या अपघातात ते गेले. ब्राझीलनं व्हिला-लोबोसचा चेहरा नोटेवर छापला, त्याचा जन्मदिवस, ५ मार्च, अभिजात संगीताचा राष्ट्रीय दिवस ठरवला. आपल्याकडे नोटेचं सोडा. परिपाठ संपल्यावर मास्तरांनी चाल कुणाची एवढं सांगितलं तरी चालेल. आणि शाळेची सहल काढायचीच, तर सोनवडे काही लांब नाही.