आकडा खरा, अर्थ चुकीचा

लिनक्स कर्नलमध्ये बीबीआर हा टीसीपीचा कन्जेशन कंट्रोल अल्गोरिदम, म्हणजे डेटा किती वेगाने पाठवायचा ते ठरवणारी पद्धत, 2016 साली, 4.9 आवृत्तीत आला. गूगलमधल्या संशोधकांची ही पद्धत पॅकेट हरवण्याची वाट पाहत नाही. मार्गाची बँडविड्थ आणि कमीत कमी राऊंड ट्रिप वेळ मोजत राहते आणि त्यावरून वेग ठरवते. आमच्याकडे ते नवं होतं तेव्हा चाचणीचं काम माझ्याकडे आलं, आणि डीबग आउटपुट वाचण्यात मी एकामागून एक चुका केल्या.

मांडणी साधी होती. दोन लिनक्स मशीन, मध्ये ‘टीसी’ कमांडने घातलेला 40 मिलिसेकंदांचा विलंब आणि दर सेकंदाला ‘एसएस’ कमांडची नोंद. त्या नोंदींत मधूनच कन्जेशन विंडो, म्हणजे पोच न मिळता एका वेळी वाटेत असू शकणाऱ्या पॅकेटांची मर्यादा, थेट 4 पॅकेटांवर आलेली दिसे. मी निष्कर्ष काढला, लिंक तुंबते आहे. वास्तविक 10 सेकंदांत राऊंड ट्रिपचा किमान आकडा पुन्हा मिळाला नाही, तर बीबीआर मुद्दामच विंडो 4 वर आणतं, निदान 200 मिलिसेकंद तशीच ठेवतं, रांग रिकामी होऊ देतं आणि किमान वेळ नव्याने मोजतं. त्या ओळीत रिट्रान्समिशनचा उल्लेखही नव्हता, हे माझ्या लक्षात आलं नाही.

पेसिंग गेन, म्हणजे मोजलेल्या बँडविड्थच्या किती पट वेगाने पाठवायचं तो गुणक, कधी 1.25, कधी 0.75, बहुतेकदा 1 दिसे. हे अस्थिर आहे, असं मी लिहिलं. पण ते आठ टप्प्यांचं ठरलेलं चक्र आहे: एकदा जोर लावायचा, एकदा साचलेलं उपसायचं, मग सहा टप्पे समगतीने. प्रत्येक टप्पा साधारण एका राऊंड ट्रिपचा, म्हणजे सगळं चक्र सुमारे 320 मिलिसेकंदांत पुरं. सेकंदातून एकदा पाहणाऱ्याला त्यात क्रम दिसणारच नाही.

सगळ्यात महागात पडली ती तिसरी चूक. आमच्या फाइल पाठवणाऱ्या प्रोग्रामवर बीबीआरचा डिलिव्हरी रेट कमी आला, क्युबिक या जुन्या अल्गोरिदमचा जास्त, आणि मी बीबीआर नको असा अहवाल दिला. बीबीआरच्या नोंदींत ‘ॲप लिमिटेड’ हा शेरा स्पष्ट छापलेला होता. प्रोग्रामकडेच पाठवायला पुरेसा डेटा नव्हता. तो संथ डिस्कवरून वाचत होता. क्युबिकची फेरी नंतर झाली, तोवर फाइल मेमरीत आलेली होती. सहकाऱ्याने हे दाखवल्यावर मी अहवाल मागे घेतला, मेमरी रिकामी करून दोन्ही फेऱ्या पुन्हा घेतल्या.

तिन्ही चुकांचं मूळ एकच. 2006 पासून लिनक्समध्ये क्युबिक रुळलेलं, आणि तिथे विंडो घसरली की पॅकेट हरवलं असंच बहुधा समजायचं. त्याच सवयीने मी बीबीआर वाचत गेलो. आउटपुटमधला आकडा आधी अल्गोरिदमची कृती सांगतो. नेटवर्कची स्थिती त्यातून आपल्याला काढावी लागते. म्हणून नव्या पद्धतीचे लॉग हाती आले की आधी ‘ॲप लिमिटेड’ शोधा, मग अल्गोरिदम कोणत्या अवस्थेत आहे ते ओळखा, आणि त्यानंतरच नेटवर्कला दोष द्या.