फवारणीच्या मजुराचा कागद

तंजावर, श्रावण

ती. दादास,


फोनवर तू म्हणालास, फवारताना गड्याला चक्कर आली, उलट्या झाल्या, दोन दिवस दवाखान्यात ठेवला, खर्च मीच केला, आता तो बरा आहे आणि विषय संपला. खर्च केलास, चांगलं केलंस. पण विषय संपला हे मला पटलं नाही. तेव्हाच बोलले असते तर भांडण झालं असतं, म्हणून लिहिते आहे.

इथेही कुरुवईच्या भातावर फवारण्या चालू आहेत. परवा तिरुवैयारूच्या रस्त्याला एक माणूस पाहिला. पोटरीपर्यंत चिखलात, अनवाणी, लुंगी वर खोचलेली, पाठीवर पंप. टाकीच्या झाकणातून औषध पाझरून सदरा पाठीला चिकटला होता. तोंडाला टॉवेल गुंडाळला म्हणजे झालं, असं त्याला वाटत असावं; पण ही औषधं कातडीतूनही आत जातात. ऑरगॅनोफॉस्फरस जातीचं औषध रक्तातलं कोलिनेस्टरेज हे विकर दाबून टाकतं. मग घाम, लाळ, उलट्या सुरू होतात, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, आणि वेळेवर उपचार नाही मिळाला तर श्वासच थांबतो.

2017 तू डोळ्यांनी पाहिलंस. कपाशी डोक्याएवढी वाढली होती, फवारा वर मारायचा आणि तो अंगावरच यायचा. यवतमाळच्या शासकीय दवाखान्यात खाटा पुरेनात. एकट्या आपल्या जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं गेली. सरकारने मृतांच्या घरच्यांना दोन लाख जाहीर केले, आणि चौकशीत बोट शेवटी मजुरांकडेच वळलं: सुरक्षेची साधनं वापरली नाहीत म्हणे. त्या पावसात, त्या उकाड्यात, कुणी दिली होती त्यांना साधनं? पुढे 2021 मध्ये त्यातून वाचलेला एक जण आणि दोन विधवा स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या कोर्टात कीटकनाशकं बनवणाऱ्या सिंजेंटा कंपनीविरुद्ध उभ्या राहिल्या. कंपनीने जबाबदारी नाकारली आहे. त्या बायकांच्या हिमतीला माझा नमस्कार. पण आपल्याच देशात एक दार 1923 पासून आहे, त्याकडे फारसं कुणी बोट दाखवत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

ते दार म्हणजे कामगार नुकसानभरपाईचा कायदा. तो आता 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. त्यात कामामुळे होणाऱ्या रोगांची यादी आहे. पारा, बेंझिन, क्रोमियम यांच्या विषबाधेसाठी त्या कामावर सलग सहा महिने असावं लागतं. ऑरगॅनोफॉस्फरसच्या विषबाधेला ही अटच नाही. त्या कामावर असताना ती झाली, तर कामामुळेच झाली असं धरलं जातं. तसं नाही, हे मालकाने सिद्ध करायचं. दावा साधारणपणे दोन वर्षांच्या आत लावायचा. रक्कमही कुणाच्या मर्जीवर नाही. मृत्यू झाला तर महिन्याच्या मजुरीचा अर्धा भाग घ्यायचा आणि वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचा. पस्तीस वर्षांच्या माणसासाठी तो आकडा 197.06 आहे. 2017 मध्ये हिशेबाला मजुरी जास्तीत जास्त 8,000 धरत. ती धरली तर 7,88,240 रुपये होतात. दोन लाखांशेजारी हा आकडा ठेवून बघ. 2020 पासून मर्यादा 15,000 झाली आहे.

आणि हा हक्क फवारणाऱ्या शेतमजुरालाही आहे. कायद्याच्या यादीत शेतीत कीटकनाशकं फवारणारे स्पष्ट लिहिलेले आहेत. त्यात बॅटरीचा पंप की हाताचा, असा भेद नाही.  औषध तेच, वावर तेच, दांडा हाताने मारला म्हणून हक्क कमी होत नाही.

अडचण आहे ती कागदाची. कोडाईकॅनॉलच्या थर्मामीटर कारखान्यातल्या कामगारांजवळ निदान हजेरीपट होता, मालक कोण हे जगाला माहीत होतं. पाऱ्याचा तो कारखाना 2001 मध्ये बंद झाला. तरी मालक हिंदुस्तान युनिलिव्हरने 591 जुन्या कामगारांशी पाऱ्याच्या बाधेबद्दल तडजोड केली ती 2016 मध्ये. पंधरा वर्षं! रोजंदारीवर आज इथे, उद्या तिथे फवारणाऱ्याने काय दाखवायचं? माझ्या ओळखीच्या इथल्या एका मजुराच्या केसपेपरवर एवढंच लिहिलं होतं की विष पोटात गेलं. वावर कुणाचं, औषध कोणतं, फवारताना झालं की कसं, काही नाही. त्या एका ओळीने त्याचा दावा जन्मायच्या आधीच मेला. याच तंजावरात दोनशे वर्षांपूर्वी सरफोजी राजांनी डोळ्यांच्या रुग्णांची टिपणं करून घेतली होती, दुखऱ्या डोळ्यांच्या चित्रांसकट. सरस्वती महाल ग्रंथालयात ती जपून ठेवली आहेत. एवढ्या निगुतीने रुग्णाचं लिहिणं आपल्या लोकांना जमत होतं.

तू म्हणशील, माझ्याच डोक्यावर पीककर्ज, मी कुठून भरू? खरं आहे. म्हणूनच मजुरांचा विमा मालकाने आधी काढायचा असतो. सर्वसाधारण विमा कंपन्या तो देतात. फवारताना तुला काही झालं तर गोपीनाथ मुंडे अपघात योजनेतून वहिनीला दोन लाख मिळतील, कारण सातबारा तुझ्या नावावर आहे. गड्याच्या नावावर काहीच नाही. त्याच्या मागे फक्त तू आहेस.

तेव्हा पुढची फवारणी लागायच्या आत विम्याची चौकशी कर. वहीत तारीख, गड्याचं नाव, मजुरी आणि औषध लिहीत जा, रिकामी बाटली लगेच फेकू नकोस. या गड्याला परत दवाखान्यात ने, त्याची कोलिनेस्टरेजची तपासणी करून घे, आणि ‘तो माझ्या वावरात मजुरीने फवारत होता’ हे डॉक्टरांना स्वतः सांगून केसपेपरवर लिहून घे. ते लिहिताना तुझं नाव येईल. येऊ दे.

तुझी,
ताई