अर्धा मार्क

रविवारी विहारात चौदा पोरांचे पेपर तपासत बसलो होतो. दहावीची पोरं. विज्ञान भाग एक, चाळीस मार्कांचा सराव पेपर, मीच काढलेला. मी कोण? तळोज्याच्या एका रोलिंग मिलमधला कामगार, पिकलिंगच्या टाकीवर. नववीत शाळा सुटली. मग सतरा नंबरचा फॉर्म भरला, 2023 साली दहावी दिली, पास झालो. एवढ्या भांडवलावर लाल पेन हातात घेतलं. आणि भावांनो, खरं सांगतो, लाल पेन हातात आलं की माणूस बदलतो. पाठ ताठ होते. आवाज बदलतो. पोरांच्या वहीतलं अक्षर एकाएकी घाण दिसायला लागतं.

तिसरा प्रश्न, शास्त्रीय कारण लिहा. तीव्र सल्फ्युरिक आम्ल विरल करताना पाण्यात आम्ल सोडतात, आम्लात पाणी ओतत नाहीत. दोन मार्क. एका पोरीनं लिहिलेलं: आम्लात पाणी ओतलं की फाडकन उडतं. माझा मामा बॅटरीच्या दुकानात आहे, त्याचा हात असाच भाजला. म्हणून आधी पाणी घ्यायचं, मग त्यात आम्ल थोडं थोडं सोडायचं आणि काठीनं हलवायचं.

मी एक मार्क दिला. पोरगी उठून टेबलापाशी आली. म्हणली, ‘दादा, यात खोटं काय आहे?’

खोटं काहीच नव्हतं. मला माझी नववी आठवली. चुन्याच्या निवळीत फुंकर मारली तर काय होईल, असा प्रश्न होता. मी लिहिलं, पाणी ताकावानी पांढरं होतंया. मास्तरनं पेपर वर्गात मोठ्यानं वाचला. आधी आडनाव वाचलं, मग ‘होतंया’ वाचलं. वर्ग हसला. मार्क शून्य. अरे, निवळी पांढरी झालीच होती की! कार्बन डायऑक्साइड काय माझी भाषा ऐकून थांबला? त्या दिवसापासून रसायनशास्त्र म्हंजे आपलं नाही, हे डोक्यात बसलं ते मिलमध्ये ॲसिडची टाकी बघेपर्यंत.

तेव्हा पोरीला दोन मार्क देऊन टाकावेत असं वाटलं. पेन उचललंही. पण विचारलं, ‘पाणी उडतं कशानं?’

‘आम्लानं.’

‘आम्लात असं काय आहे? आम्लात पाणी थोडं घातलं तर उडतं, पाण्यात आम्ल थोडं घातलं तर का उडत नाही?’

गप झाली. मग म्हणली, ‘मामाला विचारते.’

मामालाही माहीत नसणार. मलाही कितीतरी वर्षं नव्हतं. आम्ल पाण्यात मिसळताना खूप उष्णता बाहेर पडते. पाणी थोडं असलं तर त्या उष्णतेनं त्याची जागेवर वाफ होते आणि ती आम्ल घेऊन अंगावर येते. पाणी भरपूर असलं तर उष्णता त्यात पसरते, जिरते. याला पुस्तकात ऊष्मादायी म्हणतात. हा शब्द मला आधी भटी वाटायचा, सोवळं नेसून आल्यासारखा. पण तो काढला तर भाजलेला हात उरतो आणि कारण जातं. ते कारण आपल्याकडं पाहिजे. सुपरवायझर सांगतो तसं करायचं, हे मिलमध्ये रोज करतोच की. म्हणून एक मार्क कापला तो कापलाच. पोरगी चिडली. चिडू दे.

पण त्याच गठ्ठ्यात माझी चोरी सापडली. लोखंड गंजू नये म्हणून दोन उपाय लिहा. गाइडात उत्तर होतं, रंग देणे आणि जस्ताचा थर देणे. एका पोरानं लिहिलं, रंग देणे आणि ग्रीस फासून ठेवणे. मी ग्रीसचा अर्धा मार्क खाल्ला होता. का? गाइडात नाही म्हणून. आणि मी कोण, तर रोज पपडी काढलेल्या सळया धुऊन वाळवून तेलात बुडवणारा माणूस! तेलाचा थर असला की हवा आणि दमट लोखंडाला लागत नाही, हे माझ्या बोटांना माहीत. तरी गाइडापुढं बोटं गप्प. पाठ्यपुस्तक उघडलं, तर त्यातही तेल-ग्रीस होतंच.

बोर्डाचं एक बरं आहे. पेपरवर बारकोड, होलोक्राफ्ट, बैठक क्रमांक. आडनाव नाही. 2023 च्या मार्चमध्ये तो स्टिकर चिकटवताना मी दोनदा हात फिरवला होता. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं उत्तर आधी वाचणार होतं. पण प्रात्यक्षिकाचे वीस मार्क शाळेच्या हातात, तिथं तोंड दिसतं. ते वीस कसे पडतात ते पोरांना आत्ताच सांगून ठेवा. प्रयोगवही वेळेत पुरी करा, सही घ्या, तारीख टाकून घ्या. तक्रार करायची वेळ आली तर हातात कागद पाहिजे.

मधेच एका पोट्ट्यानं विचारलं, ‘दादा, चवदार तळ्याचं पाणी कुठल्या प्रकारात?’ 1927 साली बाबासाहेबांनी महाडला ते पाणी प्यायलं, मग सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या 108 घागरी ओतून तळं शुद्ध केलं. आदल्याच रविवारी पदार्थ आणि मिश्रण शिकवलं होतं. मी म्हटलं, तूच लिही. त्यानं लिहिलं: ओतण्याआधी पाणी, ओतल्यावर मिश्रण. याला मार्क कुठल्या प्रश्नात धरायचे ते मला कळलं नाही.

ग्रीसवाल्याचे साडेतेरा झाले होते. चाळीसला चौदा म्हणजे पास, आमच्या हिशेबानं. तेरावरची रेघ खोडून चौदा केले आणि शेजारी माझी सही केली. तो म्हणला, ‘दादा, खोडलेलं चालतं का?’

‘सही असली की चालतं.’

सोमवारी सकाळची शिफ्ट होती. टाकी नव्यानं भरायची होती. पाण्याचा पाइप आधी सोडला, मग कॅन उचलला. नवा लागलेला पोरगा विचारत होता, आधी पाणीच का?