कल्याण-शीळ रस्त्यावरची काजळी

कल्याण-शीळ रस्त्यावर सायंकाळी वाहन धावत नाही, सरकते. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ डिझेल वाहनांना ही चाल मानवत नाही. धुरातील काजळी अडवणारी गाळणी, म्हणजेच डीपीएफ, सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमानात ती काजळी जाळून मोकळी होते. इतकी उष्णता सलग, वेगाने धावल्यावरच टिकते. डोंबिवली-ठाणे असा रोज रखडणारा टेम्पो ट्रॅव्हलर ती कोठून आणणार?

यात्रेसाठी जुनी गाडी घेणारे कुटुंब एमएच-०५ क्रमांकाच्या, कमी किलोमीटर झालेल्या गाडीला भुलते. कमी धाव, कमी झीज, हा पेढीवरचा सरळ हिशेब येथे उलटा पडतो. नाशिक महामार्गावर नित्य धावलेली गाडी पुष्कळदा अधिक निरोगी निघते. शिवाय धोक्याचा दिवा स्कॅनरने तात्पुरता विझवता येतो. त्यामुळे विक्रेत्यासोबत तीन हात नाक्याभोवती मारलेली फेरी निरर्थक होय. बयाणा देण्यापूर्वी गाडी शहापूरपर्यंत न्यावी, परतताना दिवा पुन्हा उजळतो का ते पाहावे आणि गाळणी जागेवर आहे ना, हे गाडीखाली वाकून मेकॅनिककडून तपासून घ्यावे. ती काढून टाकलेल्या गाड्याही विकायला येतात.