तीस मोजेपर्यंत

ग्वाल्हेरची थंडी सांगून पटत नाही. पुण्या-मुंबईचे आप्त डिसेंबरात एक पातळ स्वेटर घेऊन येतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या घरची जुनी रजई सोडायला तयार नसतात. जानेवारीत पारा दोन-तीन अंशांपर्यंत खाली येतो, धुक्यात किल्ला दिसेनासा होतो आणि लष्करातल्या गल्लीबोळांतून दहा वाजेपर्यंत शेकोट्या धुमसत असतात. माणसांची ही गत, तर यंत्रांची काय कथा! पेट्रोलची गाडी कुरकुरत का होईना, सुरू होते. जुनी डिझेल गाडी मात्र रुसून बसते, आणि तिचा रुसवा काढण्याची एक ठरलेली रीत असते. त्या रीतीविषयी, आणि ती रीत ज्या बोटाएवढ्या वस्तूवर चालते तिच्याविषयी, चार शब्द लिहावेत असे पुष्कळ दिवस मनात होते.

त्या वस्तूचे कागदोपत्री नाव ‘ग्लो प्लग’. आमच्याकडचे मिस्त्री मात्र तिला ‘हीटर’ म्हणत आले आहेत. पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग असतो तो वेगळा. त्याला इंजिन चालू आहे तोवर अखंड राबावे लागते. हीटरचे काम पहाटेच्या काकडआरतीसारखे. सुरुवातीला एकदा ते झाले, की पुढचा दिवस आपला आपण चालतो.

हे कसे घडते ते समजून घ्यायचे, तर डिझेल इंजिनात ठिणगी नसतेच, ही पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचे खालचे टोक तापते, हा अनुभव आपण सर्वांनी लहानपणी घेतलेला आहे. कोंडलेली हवा वेगाने दाबली की तापते. डिझेल इंजिनात दट्ट्या हवेला तिच्या मूळ आकारमानाच्या सोळाव्या, विसाव्या, क्वचित तेविसाव्या हिश्शात कोंबतो. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडला, की तो आपोआप पेट घेतो.

ही कल्पना ज्याची, त्या रुडॉल्फ डिझेलची हकीकत आपल्यासारख्या वाचकांना विशेष जवळची वाटावी. आईबाप बव्हेरियाचे, मुलगा जन्मला १८५८ साली पॅरिसमध्ये. १८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध जुंपले, आणि या परमुलुखात रुजलेल्या कुटुंबाला घरदार सोडून लंडन गाठावे लागले. बारा वर्षांच्या रुडॉल्फला तेथून आउग्सबुर्गला नातेवाइकांकडे धाडण्यात आले ते शिक्षणासाठी, आणि आईबापांची भाषा नीट यावी म्हणून. त्याच आउग्सबुर्गमध्ये १८९७ साली त्याचे इंजिन अधिकृत कसोटीला उतरले. इंधनातील उष्णतेपैकी सुमारे २६ टक्के भाग त्याने कामात आणला. त्या काळची वाफेची इंजिने याच्या निम्म्यापर्यंतही क्वचितच पोहोचत. १९१३ साली इंग्लंडला जाताना हा मनुष्य बोटीवरून नाहीसा झाला. त्याचे नाव मात्र आज प्रत्येक पंपावर लिहिलेले असते.

मग थंडीत अडते कोठे? हवा आधीच गार असली तर दाबूनही कमी तापणार, हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. गणित मांडून पाहिले, तर ३० अंशांच्या आणि ३ अंशांच्या हवेत दाबाच्या अखेरीस फरक पडतो तो ऐंशी-नव्वद अंशांचा. कागदावर दोन्ही वेळा हवा सहाशे अंशांच्या पुढे जाते. डिझेलला पेटायला इतकी उष्णता लागतही नाही. खरे नुकसान करतात ते तीन चोर. पहिला चोर इंजिनाचे थंडगार लोखंड. हवा तापते न तापते तोच ते तिची उष्णता शोषून घेते. दुसरा चोर दट्ट्याच्या कड्यांमधली फट. इंजिन सावकाश फिरत असेल, तर दाबलेली हवा तेथून निसटायला वेळ मिळतो. तिसरा चोर या दोघांचा साथीदार. थंडीत इंजिनातले तेल काकवीसारखे दाट होते आणि बॅटरीची ताकद घटते. त्यामुळे इंजिन सावकाशच फिरते आणि पहिल्या दोघांचे फावते.

जुन्या मोटारींत आणखी एक अडचण होती. त्यांच्यात डिझेलचा फवारा थेट सिलिंडरमध्ये न पडता बाजूच्या एका छोट्या दालनात पडे. त्यामुळे इंजिनाचा खडखडाट कमी होई, पण त्या दालनाच्या भिंती पुष्कळशी उष्णता गिळून टाकीत. हीटरची जागा या दालनातच. पोलादी नळीत एक तार, तिच्याभोवती ठासलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी, आणि फवाऱ्याच्या कडेला जेमतेम पोहोचेल असे टोक. वीज मिळाली, की हे टोक आठशे-नऊशे अंशांपर्यंत तापून लालभडक होते. ते सगळी हवा तापवते, असा पुष्कळांचा समज असतो. तसे ते करीत नाही. ते फक्त एक निखारा तयार ठेवते. फवाऱ्याची कड त्या निखाऱ्याला लागते, तेवढी पेटते आणि उरलेल्याला पेटवते. चुलीत गोवरीचा विस्तव राखून ठेवण्याची जी युक्ती आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होती, तीच ही.

आमच्या घरी १९८५च्या सुमारास डिझेलची अ‍ॅम्बेसेडर आली. १४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन, चार सिलिंडर, चार हीटर. वडिलांची शिस्त अशी, की किल्ली अर्ध्यावर फिरवून मोठ्याने तीसपर्यंत मोजायचे आणि मगच स्टार्टर मारायचा. मिस्त्रीशी हिंदीत बोलणारे, कचेरीत इंग्रजीत लिहिणारे वडील गाडीपुढे मात्र मराठीत मोजीत. आम्हां भावंडांना ‘एकोणीस’ आणि ‘एकोणतीस’ शाळेत कोणी शिकवले नाहीत. शाळेत ‘उन्नीस’ आणि ‘उनतीस’ होते. आमचे मराठी आकडे मागच्या सीटवर, कुडकुडत, पाठ झाले.

एका जानेवारीत, पहाटे चारच्या सुमारास, आईला श्वास लागेनासा झाला. बाहेर हात-दोन हातांपलीकडे दिसू नये असे धुके. शेजारी दार वाजवून जमले होते. तिला शालीत गुंडाळून मागे बसवले, आणि वडिलांनी किल्ली अर्ध्यावर फिरवली. “अरे, स्टार्ट करो साहब!” असे कोणीतरी काचेवर हात मारून ओरडले. आमचाही हात नकळत पुढच्या सीटवर आपटला. वडिलांचा आवाज थरथरला, दहा-बाराच्या पुढे अडखळला. तेव्हा मागून आई कशीबशी म्हणाली, “अहो, मोजा. घाई करू नका.” ते मोजीत राहिले. तिसाला इंजिन एकदा खोकले, पांढऱ्या धुराचा लोट उठला, आणि गाडी लागली. रुग्णालयात डॉक्टरांनी वेळेवर आणल्याचे सांगितले. आई त्यानंतर सोळा वर्षे जगली.

त्या पहाटे घाई केली असती तर काय झाले असते, हे यंत्रशास्त्राच्या दृष्टीने सांगता येते. हीटर तापण्याआधी स्टार्टर मारला, तर फवारा न पेटता थंड दालन ओले करतो आणि बॅटरीची शक्ती वाया जाते. दुसऱ्या प्रयत्नाला ती आणखी क्षीण, तिसऱ्याला फक्त ‘टक्’ असा आवाज. चार हीटर मिळून बॅटरीकडून चाळीस-पन्नास अँपिअर सहज मागतात, आणि स्टार्टरची भूक त्याहून कितीतरी मोठी. म्हणजे मोजलेले तीस अंक हा वेळेचा अपव्यय नव्हता. त्या पहाटेचा सर्वांत जवळचा रस्ता तोच होता. अधीरतेला ही गोष्ट कळत नाही, आणि संकटात अधीर न होणे फार थोड्यांना साधते.

वडिलांना ते साधले ते केवळ स्वभावाने नव्हे. दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत ते हीटर तपासून घेत. बॅटरीच्या धन टोकाला जोडलेला बारीक टेस्ट लॅम्प, तारा सोडवलेल्या एकेका हीटरच्या माथ्यावर टेकवायचा. दिवा लागला तर हीटर शाबूत, न लागला तर आतली तार तुटलेली. फार जुन्या गाड्यांत हीटर एकापाठोपाठ एक असे जोडलेले असत. एक गेला की सगळे गार. पुढे ते स्वतंत्र जोडले जाऊ लागले, तेव्हा एक गेला तरी उरलेले तीन काम रेटून नेत. अशी गाडी सुरू होते, पण अंग झटकल्यासारखी थरथरते, थोडा वेळ पांढरा धूर सोडते आणि मग निवळते. हा धूर म्हणजे न जळलेले डिझेल. हे लक्षण दिसले, की हीटर तपासावेत. सुरू होण्यासाठी ईथरचा फवारा हवेच्या वाटेने मारण्याची खोड काहींना असते. लाल तापलेल्या हीटरवर तो पडला, तर भलत्या क्षणी स्फोट होऊन दट्ट्या किंवा त्याची कडी फुटते. चिंधी पेटवून हवेच्या तोंडाशी धरणे किंवा टाकीखाली जाळ करणे हेही प्रकार आम्ही पाहिले आहेत. ते वर्णन करायलाही नकोत.

हीटरवाचून चालणारे डिझेलही आपल्यापैकी अनेकांच्या आठवणीत असेल. माळव्यातल्या विहिरींवर किर्लोस्करांचे इंजिन हँडल मारून सुरू होई. बेळगावकर वाचकांना तर सांगायलाच नको, की लक्ष्मणराव किर्लोस्करांचा उद्योग त्यांच्याच गावी सायकलच्या दुकानापासून सुरू झाला, १९१० साली औंध संस्थानात कुंडलच्या माळावर स्थिरावला, आणि पुढे १९४६ साली पुण्यात ऑइल इंजिनांची स्वतंत्र कंपनी निघाली. त्या इंजिनाला दाब सोडण्याची एक खिटी असे. ती उचलून धरायची, हँडलने जड चाक गरगर फिरवायचे, आणि चाकाने वेग धरला की खिटी सोडायची. वेगामुळे हवेला निसटायला फुरसत मिळत नसे आणि इंजिन धडधडू लागे. कडक थंडीत शेतकरी इंजिनाच्या पाण्याच्या कप्प्यात गरम पाणी ओतीत. निखारा नसेल तर अंगच शेकायचे, असा त्यातला व्यवहार.

आता हे सारे झपाट्याने मागे पडत आहे. नव्या डिझेल गाड्यांत फवारा थेट सिलिंडरमध्ये, प्रचंड दाबाने पडतो. हीटर आहेत, पण दोन-चार सेकंदांत तापतात. इंजिन सुरू झाल्यावरही धूर कमी व्हावा म्हणून ते काही काळ गुपचूप तापत राहतात. वेटोळ्या तारेचे पिवळे चिन्ह पाहीपाहीपर्यंत विझते. इंधनही बदलले. लडाखसाठी २०१९ साली उणे ३३ अंशांपर्यंत न थिजणारे डिझेल आले. अ‍ॅम्बेसेडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. २०२० पासून मारुतीने डिझेल मोटारी बनवणे सोडले. विजेवरच्या गाडीला तर पेटवायचे काही उरतच नाही. यात हळहळण्यासारखे काही आहे, असे आम्हांस वाटत नाही. पहाटे चारला आजारी माणूस मागे बसलेले असताना तीस अंक मोजावे न लागणे, ही सुधारणाच होय.

मात्र एक गोष्ट त्या बोटाएवढ्या निखाऱ्याने आम्हांला शिकवली, ती टाकवत नाही. इंजिन एकदा चालू लागले, की हीटरची त्याला गरज उरत नाही. ते स्वतःच्या उष्णतेवर चालते. पण रात्रभराच्या गारठ्यानंतर पहिला पेट आतून कोणीतरी द्यावा लागतो, आणि त्याला लागेल तेवढा वेळ द्यावा लागतो. परमुलुखात तीन-चार पिढ्या काढलेल्या घरांतून भाषेचेही असेच असते. मुले बाहेर हिंदीत वाढतात, त्याला इलाज नाही आणि त्यात वाईटही काही नाही. मराठीने तापलेले एक छोटेसे टोक घरात कोठेतरी असले, की पुढे ती आपल्या वेगाने पेट घेतात. आमची नात परवा जिना चढताना पायऱ्या मोजीत होती. अठरापर्यंत हिंदीत आली, क्षणभर थांबली, आणि मग म्हणाली, “एकोणीस.”