उरलेल्याचा चौथा हिस्सा

चि. सुनील यास,


ओंकारच्या वहीचा फोटो मिळाला. खाली तू लिहिलंस, ‘आत्या, याचं डोकं गणिताचं नाही, क्लास लावतोय.’ वाचून राग आला, तो अजून उतरलेला नाही. सहावीतल्या पोराचा निकाल असा एका ओळीत लावतात का रे? तुझ्या स्कॉलरशिपच्या वर्षी वसंतमामा तुझ्याबद्दल हेच बोलले होते. वहिनीने त्यांना काय सुनावलं होतं, आठव जरा.

आता ते उदाहरण बघ. पगाराचा एक तृतीयांश भाग घरभाड्याला गेला, उरलेल्या रकमेचा एक चतुर्थांश किराण्याला, शिल्लक ९,००० रुपये. तर पगार किती? ओंकारने १/३ आणि १/४ समच्छेद करून मिळवले, ७/१२ आले. राहिले ५/१२, म्हणून पगार २१,६००. बेरीज बरोबर, वजाबाकी बरोबर, गुणाकार-भागाकार बरोबर. एवढं ज्याला एकट्याने जमतं त्याला गणिताचं डोकं नाही? ‘उरलेल्या’ हा शब्द तेवढा त्याने ओलांडला. त्यात उत्तर बिनअपूर्णांकाचं आलं, मग शंका तरी कशी यावी!

तू शेजारी बसशील तेव्हा रीत सांगू नकोस. एक लांब पट्टी काढायला लाव. तिचे तीन सारखे भाग, एक रंगवायचा, ते भाडं. उरले दोन. या दोन भागांचा चौथा हिस्सा म्हणजे अर्धा भाग, हे तो स्वतःच बोटाने दाखवेल; थोडा थांब फक्त. मग सगळेच भाग अर्धे करायचे. झाले सहा: दोन भाडं, एक किराणा, तीन शिल्लक. तिनाचे ९,००० म्हणजे एकाचे ३,००० आणि पगार १८,०००. यात x कुठेच नाही. नंतर १८,००० वरून उलट येऊन ताळा करायला लाव. २१,६०० चाही ताळा करू दे; शिल्लक १०,८०० येईल आणि चूक त्याची त्यालाच सापडेल.

अपूर्णांक दिसला की आधी विचारायचं, ‘कशाचा?’ वर्गात मी हे इतकं घोकवून घ्यायचे की पोरं मी तोंड उघडण्याआधीच ओरडायची. अण्णांना पावकी, निमकी, पाऊणकी, औटकी सगळं तोंडपाठ होतं, पण हिशेब करताना तेही हाच प्रश्न आधी विचारत. आणि हे शाळेपुरतं नाही, सुनील. दुकानावर पाटी असते, ५० टक्के सूट, त्यावर आणखी २० टक्के. शिकलेली माणसं ७० टक्के धरून आत शिरतात. ती ६० टक्केच होते, कारण दुसरी सूट उरलेल्या किमतीवर असते. कर्जाचे कागद, विम्याचे कागद, वाटण्या, सगळीकडे माणूस याच एका प्रश्नाला चुकतो आणि नाडला जातो.

भास्कराचार्यांनी ११५० सालच्या लीलावतीत या उदाहरणांना वेगळं नावच दिलंय, शेषजाती. एक यात्रेकरू जवळचं अर्धं धन प्रयागला देतो, उरलेल्याचे दोन नवमांश काशीला, त्यातून उरलेल्याचा चौथा भाग जकातीत जातो, पुढे उरलेल्याचे सहा दशांश गयेला. ६३ निष्क शिल्लक. मुळात किती होते? ५४०. एकदा हे ओंकारला गोष्टीसारखं सांग, प्रत्येक ठिकाणी थांबून. त्याला जमेल.

पण खरं सांगू, फोटोत माझं लक्ष गेलं ते वेगळ्याच गोष्टीकडे. उत्तराच्या जागी खोडरबराने कागद इतका घासलाय की भोक पडून मागच्या पानावरची अक्षरं दिसतायत. शेजारी तू होतास ना? आवाज चढवला होतास का? दिवाळीत तो मला हजार प्रश्न विचारत होता, आणि परवा फोनवर नुसतं ‘हो’ आणि ‘नाही’. भीती बसलेलं मूल उदाहरण वाचत नाही रे, आकडे दिसले की घाईने काहीतरी करून मोकळं होतं. क्लासमध्ये चाळीस पोरांत त्याला ‘कशाचा?’ असं कोण विचारणार?

क्लासचे पैसे अजून भरले नसशील तर भरू नकोस. रात्री जेवणं झाल्यावर रोज एकच उदाहरण त्याच्याकडून मोठ्याने वाचून घे, पेन्सिल त्याच्याच हातात राहू दे. आणि रविवारी त्याला मला फोन करायला सांग, तू मध्ये बोलू नकोस.

तुझी,
आत्या